झावळ्यांच्या रविवारचं गाढव

आमच्या चर्चच्या मंडळीत झावळ्यांच्या रविवारी गाढव नसतं. झावळ्या असतात, होसान्नाचा जयघोष असतो, पेटी-ढोलकी असते, पांढरे कपडे घातलेली चाळीसेक पोरं असतात आणि त्यांच्यामागं नव्या साड्या सावरत चालणाऱ्या त्यांच्या आया. प्रभू येशू गाढवावर बसून यरुशलेमेत आला आणि लोकांनी झावळ्या हलवून त्याचं स्वागत केलं, त्याची ती आठवण. गाढवाची जागा मात्र आम्ही वर्षानुवर्षं मोकळीच सोडत आलो होतो, आणि माझ्या मुलीनं विचारेपर्यंत ते कुणाला खटकलंही नव्हतं.

पोरं सुखरूप आहेत, हे आधीच सांगून टाकते. अशा गोष्टी वाचताना मला स्वतःलाच शेवटपर्यंत दम निघत नाही, शेवटचं पान आधी उघडून बघते. तेव्हा जीव मुठीत धरून पुढं वाचायची गरज नाही. तो मी त्या दिवशी पुरेसा धरला होता.

मुलगी तेव्हा पहिलीत होती आणि धाकटा बालवाडीत. मी आठवडाभर शाळेत शिकवते आणि रविवारी सकाळी उपासनेआधी चर्चमध्ये शब्बाथशाळा घेते, म्हणजे पुन्हा पोरंच. त्यामुळं माझा आवाज कायमचा वरच्या पट्टीत गेलाय, आणि रागही. नवरा म्हणतो, तू ‘मीठ दे’ म्हणालीस तरी मला वाटतं माझं काही चुकलं. तो स्वभावानं थंड आहे. चर्चमध्ये ढोलकी वाजवतो, आणि घरात मी बोलत असताना टेबलावर बोटांनी तीच वाजवत बसतो.

झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या रविवारी मी शब्बाथशाळेत हीच गोष्ट सांगितली होती. मी गोष्ट नुसती सांगत नाही, करून दाखवते. येशूनं दोन शिष्यांना पुढच्या गावात पाठवलं. तिथं एक गाढवी आणि तिचं शिंगरू बांधलेलं असेल, ते सोडून आणा, कुणी हटकलं तर सांगा की प्रभूला हवंय, तो देऊन टाकेल. मी दोन मुलांना शिष्य केलं, एकाला मालक केलं, आणि खुर्चीला ओढणी बांधून तिचं गाढव केलं. पोरं खूश. माझी मुलगी मात्र त्यातच अडकली. आठवडाभर पोळ्या लाटताना माझ्या मागं उभी. मालकानं लगेच दिलं का? त्याला भीती नाही वाटली का? नंतर परत दिलं का? मी पोळी उलटता उलटता म्हणायची, दिलं असेल बाई, प्रभू काय कुणाची वस्तू ठेवून घेतो का.

रविवारी सकाळी साडेसातला सगळी मिरवणूक आमच्या गल्लीच्या तोंडाशी जमायची होती. आदल्या संध्याकाळी मंडळीतले पुरुष खाम नदीच्या काठावरून शिंदीच्या झावळ्या तोडून घेऊन आले होते. शिंदीच्या पानांची टोकं बोचतात, म्हणून लहान मुलांच्या झावळ्यांची टोकं मी कात्रीनं छाटत बसले होते. धाकट्याच्या शर्टाचं बटण तुटलेलं, कुणाच्या तरी मुलाला लघवीला जायचंय, दोन मुलगे झावळ्यांनी तलवारबाजी करतायत, आणि सकाळी साडेसातलाच ऊन चटकायला लागलेलं. त्यात ही आली.

“मम्मी, गाढव कुठंय?”

“नसतं बाळा आपल्याकडं.”

“मग येशू कशावर बसणार?”

“अगं, आपण आठवण करतोय. खरं खरं नाही.”

ती गेली आणि परत आली. धाकट्याचा हात धरूनच आली. “पण तू तर म्हणालीस गाढव लागतंच. दोघांना आणायला पाठवलं होतं.”

मग माझं डोकं फिरलं. म्हणाले, “हो ना, दोघांना पाठवलं होतं. मग जा तुम्ही दोघं आणि या घेऊन. माझं डोकं खाऊ नका.”

“आम्ही दोघं?”

“हो, तुम्ही दोघं. जा.”

आणि मी वळून तलवारबाजांच्या पाठीत एकेक धपाटा घातला. तिकडं वळले आणि आपण काय बोललो ते विसरूनही गेले. दिवसातून अशी पन्नास वाक्यं माझ्या तोंडून जातात. त्यातलं एकही कुणी मनावर घेत नाही, अशी माझी समजूत होती.

मिरवणूक निघाली. झावळ्या पोरांपेक्षा उंच, त्यामुळं पुढं नुसती हिरवी दाटी दिसत होती आणि खाली पायांची रांग. कोण कुठं आहे ते कळायला मार्ग नाही. मला वाटलं, दोघं बापाबरोबर मागं ढोलकीपाशी असतील, कारण धाकट्याला ढोलकी सोडवत नाही. नवऱ्याला वाटलं, आई शिक्षिका आहे, पोरं तिच्याजवळच असणार. तीन गल्ल्या फिरून, होसान्ना म्हणत आम्ही चर्चच्या आवारात आलो, पोरांना पुढच्या बाकांवर बसवलं आणि मी सवयीनं डोकी मोजली. दोन कमी होती. दुसऱ्यांदा मोजतानाच मला कळलं, कोणती दोन.

येशूच्या आईबापांचं असंच झालं होतं, हे मला नंतर आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी समजावून सांगितलं. जत्रेहून परतताना दिवसभर चालले, दोघांनाही वाटत होतं की पोरगं दुसऱ्या कुणाबरोबर आहे. मला ते माहीत होतं, मीच ती गोष्ट शिकवते. पण त्या वेळी त्यातलं काही आठवलं नाही. आवारात पाण्याच्या टाकीमागं बघितलं, संडासात बघितलं, पाळकसाहेबांच्या घरात बघितलं, झावळ्यांचा ढीग उपसून बघितला. मग ज्या गल्ल्यांतून आलो त्या धावत उलट्या फिरले. पेपर वाचत बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं, दूधवाल्याला विचारलं. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या चाचांनी शटर अर्धं ओढलं आणि स्वतः दुसऱ्या दिशेनं शोधायला निघाले. आमच्या वस्तीपासून पाच मिनिटांवर नाक्याचा मोठा रस्ता आहे, आणि तिथं रविवारीसुद्धा ट्रक थांबत नाहीत. मी त्या रस्त्याकडं बघितलं आणि तशीच आवाराकडं पळत सुटले.

आवारात परत आले तेव्हा नवरा स्कूटर बाहेर काढत होता, आणि मी त्याच्यावर तुटून पडले. सगळ्या मंडळीसमोर. उपासनेला आलेली माणसं दारात उभी, पाळकसाहेब पांढऱ्या झग्यात पायरीवर, आणि मी ओरडतेय.

“दोन पोरांवर लक्ष ठेवायचं होतं तुम्हाला, दोन. इथं मी चाळीस बघत होते. ती ढोलकी गळ्यात पडली की तुम्हाला जगाचं भान नसतं.”

 तो हेल्मेट हातात घेऊन नुसता उभा राहिला. त्यानं उलट काही म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं, भांडण तरी झालं असतं.

आमच्या मंडळीत पहिल्या बाकावर बसणाऱ्या एक मावशी आहेत. सत्तरी ओलांडलेल्या, पूर्वी सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या. आजही मंडळीत कुणाला ताप आला तरी त्यांना बोलावतात. त्यांनी माझा दंड धरला आणि मला पायरीवर बसवलं.

“ओरडून पोरं सापडायची नाहीत,” त्या म्हणाल्या. “मुलगी शेवटची तुझ्याशी काय बोलली?”

“गाढवाचं काहीतरी विचारत होती.”

“आणि तू काय म्हणालीस?”

तेव्हा मला ते आठवलं. शब्दन्‌शब्द आठवला. तिचं ‘आम्ही दोघं?’ आणि माझं ‘हो’. आणि खोटं कशाला सांगू, पहिला विचार हाच आला की हे इथं सगळ्यांसमोर बोलायचं कसं. आत्ताच तर नवऱ्याला झाडलं होतं. एखादा क्षण गेला असेल. त्या एका क्षणाची मला अजून लाज वाटते.

“मीच पाठवलं,” मी म्हणाले. “मी म्हटलं, तुम्ही दोघं जा आणि गाढव घेऊन या. मीच पाठवलं त्यांना.”

 नवऱ्यानं स्कूटर वळवून माझ्यासमोर आणली आणि म्हणाला, “नाल्यापलीकडं विटांचे ढीग आहेत तिथं गाढवं असतात. शाळेला जाताना रोज बघते ती. बस.”

मी बसले. त्याच्या पाठीला डोकं टेकून बसले आणि तोंडानं प्रार्थना सुरू केली, पण तिला ना सुरुवात होती ना शेवट. मोठा रस्ता ओलांडताना मी डोळे मिटून घेतले. रस्त्यावर काही पडलेलं दिसलं तर, या भीतीनं.

नाल्याच्या पुलावर त्यानं करकचून ब्रेक दाबला. मी डोळे उघडले. समोरून एक गाढवी येत होती, तिच्या मागं कान हलवत तिचं शिंगरू, आणि गाढवीच्या गळ्यातला दोर धरून, पांढऱ्या फ्रॉकभर मातीचे डाग मिरवत, माझी मुलगी. तिच्या शेजारी काष्ट्याचं लुगडं नेसलेली एक म्हातारी. म्हातारीच्या कडेवर माझं साडेतीन वर्षांचं धूड, अंगठा तोंडात घालून, तिच्या खांद्यावर डोकं टाकून निवांत.

मी स्कूटरवरून उतरले की पडले, मला आठवत नाही. दोघांना एकदम कवटाळलं तेव्हा मध्ये म्हातारीही सापडली. मी रडत होते, नवराही रडत होता, आणि मुलगी आमच्याकडं जरा नाराजीनंच बघत होती, कारण आमच्या गोंधळानं गाढवी बुजायला लागली होती.

म्हातारीला दम लागला होता. धाकट्याला माझ्या हवाली करून ती पुलाच्या कठड्यावर टेकली आणि तिनं सगळं सांगितलं.

“सकाळी बगते तं ही पोरगी दावं सोडून ऱ्हायली. म्हनलं, का गं, काय करती? तं म्हनती, गाढव पायजे. म्हनलं, कोणाला? तं वर बोट दाखवती. म्हनलं, बाई, वर गाढवाचं काय काम? तं म्हनती, परत आणून देतो आजी, ठिवून घेत नसतो. म्या म्हनलं तुझी आई कुठंय, तं म्हनती चर्चात. बरं, चल म्हनलं सोडते तुला चर्चात, तं गाढवाबिगर जागची हालंना. मंग काय करती? घेतलं गाढव. गाढवाला घेतलं तं शिंगरू मागं लागलं. अन्‌ हे लेकरू चालून चालून रडाया लागलं, तं म्हनलं बसीव गाढवावर. तेबी करू देईना. म्हनती, त्याच्यावर कोनी बसायचं नाय, पयल्यांदा येशूनंच बसायचं. लई हट्टी हाय बाई तुमची पोरगी.”

“माझ्यावर गेलीय,” मी म्हणाले. नवरा यावर मोठ्यांदा हसला. त्या सकाळी त्याचं ते पहिलंच हसू.

मी मुलीकडं वळून काही बोलणार, त्याआधी म्हातारीनं माझ्या हातावर हात ठेवला. “मारू नका बाई तिला. लेकरू आपल्या मनानं इतक्या लांब येत नसतं. कोनीतरी धाडलंय म्हनूनच आलं ते.”

व्हय आजी, धाडलंय, असं मी मनात म्हणाले. वरून नुसती मान हलवली.

आम्ही चर्चकडं वळलो तेव्हा गाढवी पुढं, शिंगरू मागं, स्कूटर ढकलत नवरा, आणि मी धाकट्याला कडेवर घेऊन आजीच्या बरोबरीनं. आवाराच्या फाटकात आख्खी मंडळी उभी होती. आधी कुणी गाणं म्हटलं नाही, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मावशी तेवढ्या पुढं आल्या, त्यांनी दोन्ही पोरांची तोंडं हातात धरून, डोळे, गुडघे, तळवे असं सगळं तपासलं, जणू दवाखान्याच्या दारातच उभ्या आहेत. मग म्हणाल्या, “ठीक आहेत. उन्हानं तापलीत, पाणी द्या.” आणि तेव्हा कुठं सगळे सैल झाले. चाळीस पोरं बाकं सोडून बाहेर पळाली. शिंगरानं पहिली झावळी खाल्ली ती पाळकसाहेबांच्या मुलाच्या हातातली. मग प्रत्येकालाच आपली झावळी गाढवांना खायला घालायची होती, आणि मी सकाळभर टोकं छाटून तयार केलेल्या झावळ्या दहा मिनिटांत फस्त होत आल्या.

पाळकसाहेबांनी झगा आवरला, आजीला दोन हात जोडून “सलाम, या आत,” म्हणाले. आमच्यात सलामच म्हणतात. आजीनं, मला काम आहे, विटांचा मालक वाट बघत असंल, असं म्हणत चहा मात्र घेतला. बशीत ओतून, फुंकून, दोनदा घेतला. मुलगी तिच्याजवळून हलायला तयार नव्हती. तिला मालकानं गाढव कसं दिलं याचं उत्तर मिळालं होतं आणि त्यापलीकडं तिला कशाचंच काही पडलं नव्हतं. आजी निघाली तेव्हा नवरा आणि मुलगी तिला नाल्यापर्यंत सोडून आले, कारण मुलीनं परत आणून द्यायचा शब्द दिला होता. बेकरीवाले चाचा घामाघूम होऊन परत आले, पोरांना बघून अल्लाचं नाव घेतलं आणि प्रत्येकाच्या हातात एकेक खारी ठेवून गेले. उपासना त्या दिवशी तासभर उशिरा सुरू झाली, आणि मी पहिल्यांदाच उपदेशातलं एकही वाक्य ऐकलं नाही. दोघांच्या मांड्यांवर हात ठेवून नुसती बसले होते.

दुपारी जेवणं झाली. मी वाट बघत होते, नवरा आता बोलेल, आता बोलेल. सगळ्यांसमोर मी त्याला काय काय म्हणाले होते, आणि चूक कुणाची होती. तो खिमा-पाव पोटभर जेवला आणि धाकट्याला पोटावर घेऊन झोपला. तो झोपेत घोरायला लागला तेव्हा मला कळलं की तो काहीच बोलणार नाहीये, आज नाही आणि नंतरही नाही. त्याच्या पायाशी बसून मी थोडा वेळ रडले, यावेळी सुखानं.

आमच्या घरी संध्याकाळी सातला कौटुंबिक प्रार्थना असते. खाली सतरंजीवर बसायचं, आणि प्रार्थनेआधी ज्याच्याकडून दिवसात काही चुकलं असेल त्यानं ते सगळ्यांसमोर सांगायचं. माझ्या माहेरची रीत आहे. पोरं खरंखुरं सांगतात, साखर खाल्ली, ताईला चावलो. आम्ही मोठी माणसं सोयीचं काहीतरी सांगतो. त्या दिवशी मी आधी नवऱ्याची माफी मागितली, नाव घेऊन, कशाबद्दल ते सांगून. तो सतरंजीवर बोटं वाजवत “बरं, बरं” म्हणाला. मग मी मुलीकडं वळले.

“सकाळी मी तुला गाढव आणायला पाठवलं ना, ते माझं चुकलं. मी वैतागले होते म्हणून तसं म्हणाले. मला खरंच पाठवायचं नव्हतं.”

तिचा चेहरा पडला. “म्हणजे गाढव नको होतं?”

 खरं सांगितलं तर तिच्या सकाळची सगळी मजा जाते, आणि खोटं सांगितलं तर ती उद्या पुन्हा कुठं निघून जाईल. मी म्हणाले, “हवं होतं. गाढव सगळ्यांना आवडलं. पण तो मोठा रस्ता आहे ना, ट्रकचा. तुला आणि बाळाला काही झालं असतं तर? तुला भीती नाही वाटली का गं तिथं?”

“वाटली ना,” ती म्हणाली. “ट्रक खूप जोरात येत होते. बाळ पण रडत होता. मग मी त्याला सांगितलं, मम्मीनं पाठवलंय, म्हणजे आपल्याला काही होणार नाही. मग आम्ही ओलांडला.”

नवऱ्याची बोटं थांबली. मी तिला ओढून मांडीत घेतलं, धाकटा न बोलावता वर चढला. नळाला पाणी यायला अजून दोन दिवस होते म्हणून पोरांना ओल्या फडक्यानं नुसतं पुसून काढलं होतं, आणि दोघांच्या केसांना अजून गाढवाचा वास येत होता. मी त्यांच्या डोक्यांवर हनुवटी ठेवून बसले. प्रार्थना करायची पाळी माझी होती. मी तोंड उघडलं आणि बोलण्याआधी, आयुष्यात बहुतेक पहिल्यांदाच, थांबून विचार केला.